एका खुंटीला सात वायरी



या सदरात आम्ही कुकरच्या शिटीपासून शिलाई मशीनच्या तेलापर्यंत घरातल्या वस्तूंविषयी लिहीत आलो आहोत. या खेपेचा विषय गाडीच्या बॅटरीचा आहे. कौटुंबिक पानावर गाडीची बॅटरी कशाला, असे आमच्या काही भगिनींना वाटेल. त्यांना आमचे एवढेच सांगणे, की आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल आज रिक्षा, टेम्पो, शाळेची व्हॅन नाही तर भाड्याची जीप यांच्या चाकांवर चालते. ज्या वस्तूवर चूल पेटते, ती वस्तू घरातलीच म्हटली पाहिजे.

झाले असे. आमचे एक शेजारी अकोल्यात शाळेची व्हॅन चालवतात. सकाळ-संध्याकाळ मुलांची ने-आण आणि मधल्या वेळेत, रात्री-अपरात्री मिळेल ते भाडे. गाडी कर्जाची आहे. हप्ता दर महिन्याच्या सात तारखेला जातो आणि तो चुकू नये म्हणून त्या घरात काय काय आवरते घ्यावे लागते, ते आम्ही भिंतीपलीकडून ऐकत असतो. एका शुक्रवारी वाशिमला आमचे नातलग आजारी असल्याचा निरोप आला. शेजारी म्हणाले, "चला भाऊ, मी घेऊन जातो." भेट झाली आणि आम्ही रात्रीच परत निघालो. मेडशी मागे पडली, पातूरचा घाट लागला. घाटात धुके होते. शेजाऱ्यांनी पुढे बसवलेले दोन जादा दिवे लावले. उजेड छान पडला. चार-पाच वळणे गेली असतील नसतील, तोच रबर जळल्यासारखा वास आला. आम्हाला वाटले, बाहेरून येत असेल. मग पाय गरम लागू लागले. खाली पाहतो तो आम्ही बसलेल्या सीटखालून धूर!

"भाऊ, उतरा! लवकर उतरा!" म्हणत शेजाऱ्यांनी गाडी कडेला घेतली आणि चावी काढली. इंजिन बंद पडले, दिवे विझले, पण धूर काही थांबेना. "चावी तं काढली, मंग धूर कायचा येते?" ते स्वतःशीच म्हणाले. पण माणूस हिंमतीचा. सीट उचलली, दहा नंबरचा पाना घेतला आणि बॅटरीची काळी वायर सैल करून ओढून काढली. एक ठिणगी उडाली. मग हळूहळू धूर ओसरला. आम्ही मोबाईलच्या उजेडात पाहिले. एक बारीक लाल वायर पार नागडी झाली होती आणि तिच्या शेजारच्या दोन वायरींचे प्लास्टिक तिला चिकटून वितळले होते. ती वायर कापून, टोकाला टेप गुंडाळून, काळी वायर पुन्हा लावून आम्ही गाडीच्या मूळ दिव्यांवर कसेबसे घरी पोचलो.

चावी काढल्यावरही धूर का थांबला नाही, याचे उत्तर सोपे आहे आणि ते प्रत्येक गाडीवाल्याच्या घरात माहीत असायला हवे. घराच्या मेन स्विचच्या अलीकडूनच कोणी वायर जोडून घेतली, तर मेन स्विच खाली पाडूनही ती जिवंत राहते. गाडीच्या चावीचे तेच. जी वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून ओढली आहे, तिच्यावर चावीची सत्ता चालत नाही. तिला रोखणारे दोनच. एक म्हणजे वाटेत बसवलेला फ्यूज आणि दुसरा म्हणजे वेळेवर पाना चालवणारा माणूस. त्या वायरीला फ्यूज नव्हता. माणूस होता, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

शनिवारी सकाळी शेजारी म्हणाले, "जळाली ती वायर तं काढली. आता काही होत नाही. पोरांना घेऊन जातो." वहिनी दारात उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाल्या, "काल भाऊ बसले होते त्या सीटवर रोज कोण बसते? बालवाडीची दोन लेकरं." शेजारी गप्प झाले. त्या दिवशी दुसऱ्या व्हॅनवाल्याला सांगून मुलांची सोय केली. दिवसाची कमाई बुडाली, पण गाडी दारातच उभी राहिली.

रविवारी आमच्या ओळखीचे एक मामा आले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून त्यांची हयात गेली. आता निवृत्त आहेत. मामांनी सीट काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "हे टर्मिनल हाय का घरातली खुंटी? ज्यानं यावं त्यानं आपलं धोतर टांगावं!"

खरोखरच तसे होते. बॅटरीच्या अधिक टर्मिनलवर कंपनीची मूळची एक जाड वायर आणि त्याच नटाखाली दाबलेल्या बारीक-बारीक सात वायरी. कोणाची तार नुसतीच पिळून गुंडाळलेली, कोणाला टेपचे पागोटे, एक तर सुतळीने बांधलेली. त्या सगळ्यांवर पांढरी-हिरवी पावडर फुलली होती. मामांनी दोन बोटांनी हलवले तर अख्खा क्लॅम्प गोल फिरला.

आम्ही विचारले, "मामा, इतक्या वायरी कशा काय जमल्या?" त्याचे उत्तर शेजाऱ्यांनीच दिले. पहिल्यांदा म्युझिक सिस्टीम बसवली. मग उन्हाळ्यात मुलांना घाम येतो म्हणून दोन पंखे. पालकांनी गाडी कुठे आहे ते कळावे असे सुचवले, म्हणून जीपीएस. धुक्यासाठी दोन दिवे. मोबाईलचा चार्जर. छताला एलईडीची पट्टी. आणि शेवटी हौसेचा, सूर बदलत वाजणारा हॉर्न. प्रत्येक वस्तू वेगळ्या महिन्यात, वेगळ्या दुकानात बसवली. प्रत्येक वेळी "दहा मिनिटांचं काम" होते आणि दहा मिनिटांच्या कामाला सगळ्यात सोपी जागा म्हणजे बॅटरीचे टर्मिनल. एक हॉर्न सोडला तर यातली एकही वस्तू वायफळ नव्हती. पंखे तर मायेपोटी लावलेले. बसवणाऱ्या कोणाही कारागिराने मुद्दाम वाईट काम केले असेही नाही. पण सातही जणांपैकी आधीच्या सहांकडे कोणी पाहिले नाही आणि सगळ्यांची मिळून बेरीज कोणीच केली नाही. चूक झाली ती इथे.

हे टर्मिनल मुळात कोणत्या कामासाठी आहे, ते थोडे पाहू. शिशाची पत्रे आणि गंधकाचे आम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. मोटारी आल्यावर कित्येक वर्षे इंजिन हँडल मारून चालू करावे लागे आणि हँडल उलटे फिरले की मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर, म्हणजे आपण ज्याला 'सेल्फ' म्हणतो तो, तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसवला गेला. तेव्हापासून बॅटरीचे पहिले काम सेल्फ फिरवणे हेच आहे. त्या दोन-तीन सेकंदांत बॅटरीतून शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह जातो. म्हणून तिची वायर बोटाएवढी जाड असते आणि टर्मिनलवर तिची पकड घट्ट, स्वच्छ आणि शिशाला शिसे भिडलेली असावी लागते.

त्या पकडीत मध्येच सात वायरींची तारे शिरली, पावडर साचली, की काय होते ते मामांनी हिशेबाने दाखवले. समजा जोडात फक्त ०.०१ ओहम, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग, एवढाच अडथळा आला. सेल्फ मारताना १५० अँपिअर वाहिले तर तिथल्या तिथे दीड व्होल्ट गळतो आणि सव्वादोनशे वॅटची उष्णता त्या एका जोडात तयार होते. म्हणजे दोन मोठ्या बल्बांपेक्षा जास्त! मग सकाळी सेल्फ "टक" म्हणून गप्प बसतो, आपण बॅटरीला शिव्या देतो आणि चांगली बॅटरी बदलतो. दोष बॅटरीत नसतो, खुंटीवर असतो.

आता बेरीज. हे काम शेजाऱ्यांच्या मुलीने केले. ती दहावीला आहे. मामा म्हणाले, "पोरी, शाळेत वॅट भागिले व्होल्ट शिकवलं ना? मग कर." वस्तूंवर लिहिलेले आकडे वाचून तिने वहीत मांडले. दोन दिवे प्रत्येकी ५५ वॅट, मिळून ११०. बाराने भागले की ९.२ अँपिअर. दोन पंखे २४ वॅट, २ अँपिअर. चार्जर २ अँपिअर. एलईडी पट्टी १२ वॅट, १ अँपिअर. म्युझिक सिस्टीम ५ अँपिअर. हॉर्न ८ अँपिअर. जीपीएसचा आकडा नगण्य. एकूण २७.२.

"आता गाडीचं स्वतःचं मांड," मामा म्हणाले. मूळचे दिवे, मागचे दिवे, वायपर, इंजिनाची स्वतःची गरज असे धरून रात्रीच्या पावसात साधारण २२ अँपिअर झाले. दोन्ही मिळून ४९. आणि गाडीच्या अल्टरनेटरवर कोरलेला आकडा होता ४५, तोही इंजिन जोरात फिरत असताना. गाडी सिग्नलला उभी असली की त्याहून कमी. पोरगी वहीकडे पाहत म्हणाली, "बाबा, कमाई पंचेचाळीस आणि खर्च एकोणपन्नास." शेजारी हसले, पण त्यांना ते लागले. हप्ता भरणाऱ्या माणसाला हा हिशेब वेगळा समजवावा लागत नाही. तूट असते ती बॅटरीतून जाते आणि सकाळी बॅटरी बसलेली असते.

काय कमी करायचे? हॉर्न. वाद झालाच नाही. सूर बदलत वाजणारे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे लावता येतच नाहीत आणि शाळेच्या गाडीला तर ते शोभतही नाहीत. हॉर्न निघाला. जादा वस्तूंचा भार १९.२ अँपिअरवर आला, एकूण साधारण ४१.

मग प्रत्यक्ष काम सुरू झाले. ते ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने सांगतो, कारण या कामात क्रमच सारे काही आहे.

पहिली गोष्ट, हातातले घड्याळ, अंगठी, बांगडी काढून ठेवणे. धातूचे काहीही दोन टर्मिनलांना एकदम टेकले तर लाल होईपर्यंत तापते. जवळपास विडी-काडी नको, कारण बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो.

दुसरी गोष्ट, सोडताना आधी उणे टर्मिनल म्हणजे काळी वायर सोडणे. याचे कारण नीट समजून घ्यावे. गाडीचे सगळे लोखंडी अंग उणे टोकाला जोडलेले असते. आधी अधिकचा नट सोडायला गेलो आणि पाना चुकून पत्र्याला लागला, तर शॉर्ट झालाच म्हणून समजा. उणे आधी काढले की मग पाना कुठेही टेकला तरी चालतो. परत लावताना उलटे. आधी अधिक, शेवटी उणे. कोणते कोणते हे कळण्यासाठी खूण पाहावी. शिवाय नेहमीच्या गोल टर्मिनलांत अधिकचे टर्मिनल उणेपेक्षा थोडे जाड असते. उलटसुलट लावले तर अल्टरनेटर जळतो.

तिसरी गोष्ट, सफाई. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून पावडरीवर ओतला. फस्‌फस्‌ करत सारी निघाली. जुना दातांचा ब्रश त्याला उत्तम. बॅटरीची बुचे मात्र घट्ट बंद हवीत. सोड्याचे पाणी आत गेले तर आम्लाचे काम बिघडते. मग साध्या पाण्याने धुऊन, पुसून, टर्मिनल आणि क्लॅम्प आतून पॉलिश पेपरने चकचकीत केले.

आता मुख्य काम. मामांनी अधिक टर्मिनलवर मूळच्या जाड वायरीशिवाय फक्त एकच नवी वायर ठेवली. ६ चौरस मिलिमीटरची, टोकाला दाबून बसवलेल्या गोल थिंबलची. ती क्लॅम्पच्या बोल्टवर बसवली. टर्मिनल आणि क्लॅम्पच्या मध्ये काही शिरू दिले नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरावर तिच्यात २५ अँपिअरचा फ्यूज घातला.

"वीतभरच का?" आम्ही विचारले.

"फ्यूज पंख्याले वाचवाले नसते, भाऊ. फ्यूज वायरले वाचवाले असते," मामा म्हणाले. "बॅटरी आन् फ्यूजच्या मधात जेवढी वायर, तेवढी बेवारस. ती जेवढी आखूड तेवढं बरं."

हे वाक्य आम्ही वहीत लिहून घेतले. पुष्कळ ठिकाणी फ्यूज असतो, पण तो वस्तूजवळ, वायरीच्या दुसऱ्या टोकाला असतो. मध्ये कुठे वायर घासली तर त्या फ्यूजला पत्ताही लागत नाही. म्युझिक सिस्टीमला फ्यूज होता, तो असाच.

त्या एका वायरीने पुढे डॅशबोर्डाखाली फ्यूजची एक पेटी जोडली. पेटीत प्रत्येक वस्तूला स्वतंत्र घर. चपट्या फ्यूजांचे रंग ठरलेले असतात. जांभळा ३ अँपिअर, फिकट तपकिरी ५, गडद तपकिरी ७.५, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पांढरा २५, हिरवा ३०. आमच्या मामांनी धुक्याच्या दिव्यांना निळा, म्युझिकला गडद तपकिरी, पंख्यांना आणि चार्जरला फिकट तपकिरी, एलईडीला आणि जीपीएसला जांभळा दिला. फ्यूज उडाला तर त्याच रंगाचा घालायचा. मोठा घालायचा नाही, चांदी गुंडाळायची नाही आणि तार तर मुळीच नाही. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो काहीतरी सांगत आहे. त्याचे तोंड बंद करू नये.

पेटीचे दोन भाग केले. जीपीएस 'कायमच्या' भागात, कारण गाडी उभी असतानाही तो चालला पाहिजे. बाकी सारे 'चावीच्या' भागात. त्यासाठी मध्ये एक रिले बसवला. रिले म्हणजे दुसऱ्याच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारा दणकट स्विच. त्याच्या पायांवर आकडे असतात. ३० नंबरला बॅटरीकडून आलेली वायर, ८७ नंबरवरून पुढे वस्तूंकडे जाणारी, आणि ८५-८६ या दोघांपैकी एकाला चावीची बारीक वायर, दुसऱ्याला अर्थ. चावीवर फक्त इशाऱ्याचा किरकोळ भार येतो, मोठा प्रवाह रिलेतून जातो. चावी काढली की सगळे बंद. एलईडीची पट्टी नुसती १ अँपिअरची, पण रात्रभर दहा तास चालू राहिली तर १० अँपिअर-तास खाते. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा चौथ्या हिश्शाहून मोठा घास झाला. "सकाळी कधीकधी सेल्फ लागत नसे, त्याचं कारण हे," शेजारी म्हणाले.

वायर किती जाड? तेही पोरीने काढले. दिव्यांपर्यंत पाच मीटर वायर. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ९.२ अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच गळतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जेमतेम ०.३. म्हणून जाड वायर घेतली. दिवे जास्त उजळले, वायर थंड राहिली. जळालेली वायर १ चौरस मिलिमीटरचीही नव्हती.

आणि ती जळाली कुठे? जिथे ती पत्र्याच्या भोकातून जात होती तिथे. गाडी हादरते, पत्र्याची धार वायरीवर रोज थोडी थोडी घासते, एके दिवशी तांबे पत्र्याला भिडते. त्या भोकात आता रबराचा ग्रोमेट बसला आहे. वायरी प्लास्टिकच्या नळीत घालून हातभर अंतरावर पट्ट्यांनी बांधल्या आहेत, इंजिनाच्या उष्ण भागापासून आणि हलणाऱ्या भागांपासून दूर. वस्तूंच्या उणे वायरीही एकत्र आणून, रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर, दातेरी वायसर घालून एका बोल्टखाली घट्ट केल्या. रंगावर अर्थ बसत नाही. दिवा मिणमिणला की लोक बल्ब बदलतात. खरा रोगी पुष्कळदा अर्थ असतो.

शेवटी अधिक, मग उणे जोडले. नट आवळले, क्लॅम्प हाताने हलेना, मग वरून व्हॅसलीन. हे आवळल्यावर लावायचे, आधी नाही. बॅटरीवरची पट्टीही आवळली, कारण हलणारी बॅटरी लवकर मरते. अधिकवर रबराची लाल टोपी घातली. मामांनी मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ आले असते तर ती निम्मी रिकामी समजायची. इंजिन चालू करून १४.२ आले, म्हणजे अल्टरनेटर भरतो आहे. मग एक टोक टर्मिनलच्या शिशावर, दुसरे क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारला. काटा जवळजवळ शून्यावर राहिला. इथे अर्धा व्होल्ट दिसला असता तर सफाई पुन्हा करावी लागली असती.

आमच्या वाचकांत ई-रिक्षावाले पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. ई-रिक्षात बहुधा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडून ४८ व्होल्ट केलेले असतात. म्युझिकसाठी त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घेण्याची सवय दिसते. तसे करू नये. ती एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, चौघी बरोबरीने भरत नाहीत आणि शेवटी ती एक बाकीच्या तिघींना घेऊन बुडते. ४८ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, त्यावरूनच घ्यावे. दुचाकीची बॅटरी तर इवलीशी असते, तिच्यावर मोठे दिवे लादू नयेत. आणि विजेवरच्या मोठ्या गाड्यांत केशरी रंगाच्या वायरी दिसल्या तर तिथे घरचा पाना चालवायचाच नाही. तो जीवघेणा दाब आहे.

भगिनींनी एक लक्षात ठेवावे. बॅटरीचे आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे पाण्याचा मारा करून लगेच दवाखाना गाठावा. बॅटरीत पाणी घालायचे ते फक्त डिस्टिल्ड. आणि गाडीत धुराचा वास आला तर आधी माणसे उतरवावीत, मग चावी, मग जमेल तर उणे टर्मिनल. दहा नंबरचा पाना सीटखालच्या पसाऱ्यात नको, हाताला लागेल अशा ठरावीक जागी हवा. त्या रात्री तो सापडायला वेळ लागला असता तर?

सगळे आटोपायला संध्याकाळ झाली. मामांनी मजुरी घेतली नाही, वहिनींच्या हातची भाजी-भाकरी मात्र पोटभर खाल्ली. सामानाचा खर्च दोन भाड्यांच्या कमाईत भागला. मुलीने एका पुठ्ठ्यावर सारे लिहून काढले. कोणत्या घरात कोणती वस्तू, किती अँपिअर, फ्यूजचा रंग कोणता, वायर कोणत्या बाजूने गेली. खाली तारीख. तिने तो पुठ्ठा फ्यूजपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आणि दुसरी प्रत वहिनींनी कर्जाच्या कागदांच्या पिशवीत ठेवली. आता गाडीत नवे काही बसवायचे झाले तर आधी तो पुठ्ठा काढायचा, बेरीज करायची, मगच दुकानात जायचे, असे त्या घरात ठरले आहे.

सोमवारी सकाळी आम्ही ओट्यावर चहा घेत होतो. व्हॅन निघाली. बालवाडीची दोन लेकरे नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर चढून बसली. शेजाऱ्यांनी सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात लागला. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, आजवर काही झालं नाही म्हणून मी बिनधास्त होतो." पुढे काही बोलले नाहीत. गाडी गेली.

वाचकहो, तुमच्या दारात जी गाडी उभी असेल, तिची सीट किंवा बॉनेट येत्या रविवारी एकदा उघडा. बॅटरीच्या अधिक टर्मिनलवर किती वायरी आहेत, त्या मोजा. प्रत्येकीचा हात धरून पुढे जा आणि वीतभर अंतरात फ्यूज सापडतो का पाहा. जिला तो सापडणार नाही, तिची व्यवस्था होईपर्यंत ती सोडून ठेवा. चार दिवस गाणी ऐकली नाहीत तरी चालते. मोजणी करताना घरातल्या शाळकरी मुला-मुलींना सोबत घ्या, वही त्यांच्या हाती द्या.

असो. पुढील अंकी घरातल्या गॅसच्या नळीविषयी लिहू.